पीडब्ल्यूएम की एमपीपीटी: ओव्हरचार्जपासून बॅटरी नेमकं कोण वाचवतं?

कॅम्पर व्हॅनच्या छतावर सोलर पॅनल बसवताना चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून चार्जिंग आवरणारं यंत्र, पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन) घ्यावा की एमपीपीटी (मॅक्सिमम पॉवर पॉइंट ट्रॅकिंग), इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. एमपीपीटी महाग असतो, म्हणून तो बॅटरी जास्त जपत असेल असा समज आहे. तो चुकीचा आहे. ओव्हरचार्ज रोखण्याचं काम दोन्ही कंट्रोलर सारखंच करतात. फरक आहे तो पॅनलमधून किती वीज पदरात पडते, यात.

कंट्रोलर लागतो कशाला, ते आधी पाहू. ‘१२ व्होल्ट’ म्हणून विकलं जाणारं ३६ सेलचं पॅनल भर उन्हात, काही न जोडता मोजलं तर २१-२२ व्होल्ट दाखवतं. ते थेट बॅटरीला जोडलं, तर बॅटरी भरल्यावरही करंट आत जातच राहतो. लेड-ॲसिड बॅटरीत साधारण १४.४ व्होल्टच्या वर गॅस सुटायला लागतो, म्हणजे आतल्या पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो. पातळी उतरते, प्लेटा उघड्या पडतात. पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरता येतं. लेड-ॲसिडच्याच एजीएम आणि जेल या प्रकारच्या बॅटरी सीलबंद असतात, त्यातलं गेलेलं पाणी गेलंच.

पीडब्ल्यूएम म्हणजे पॅनल आणि बॅटरी यांच्यामधला वेगाने चालू-बंद होणारा स्विच. चार्जिंग जोरात असताना तो जवळजवळ सतत चालू असतो, त्यामुळे पॅनलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर चालावं लागतं. १०० वॅटचं पॅनल १८ व्होल्टला ५.६ अँपिअर देतं. बॅटरी १३ व्होल्टवर असेल तर हातात येतात १३ × ५.६, म्हणजे सुमारे ७३ वॅट. एमपीपीटी पॅनलला त्याच्या सोयीच्या १८ व्होल्टवरच चालू देतो आणि उरलेल्या व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो, त्यामुळे बॅटरीला सात अँपिअरच्या वर मिळतात. घरांच्या छतांवर असतात तशा ६० सेलच्या, ३० व्होल्टच्या आसपास चालणाऱ्या पॅनलला १२ व्होल्टच्या बॅटरीवर पीडब्ल्यूएम लावला, तर निम्म्याहून जास्त वीज वाया जाते. तिथे एमपीपीटीला पर्याय नाही. मात्र त्याची कमाल इनपुट व्होल्टेज मर्यादा बघूनच पॅनल सिरीजमध्ये जोडा. थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं, आणि मर्यादा ओलांडली की कंट्रोलर जळतो.

बॅटरी वाचते ती सेटिंगमुळे. कंट्रोलर कोणताही असो, पाण्याच्या बॅटरीला १४.४ ते १४.८, एजीएमला १४.४ ते १४.७ आणि जेलला १४.१ ते १४.४ व्होल्टपर्यंत चढवून मग १३.५ ते १३.८ च्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच राखणाऱ्या कमी व्होल्टेजवर, उतरवायचं. लिथियम आयर्न फॉस्फेटला १४.२ ते १४.६ पुरतात, पण तिथे इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम जास्त व्होल्टेजने केलेलं चार्जिंग) आणि तापमान भरपाई (तापमानानुसार चार्जिंग व्होल्टेज बदलणं) दोन्ही बंद हवीत. शेवटचा शब्द बॅटरीच्या माहितीपत्रकाचा. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते सीलबंद बॅटरी असताना ‘फ्लडेड’, म्हणजे पाण्याच्या बॅटरीचा मोड निवडल्याने, कारण त्या मोडमध्ये ठरावीक दिवसांनी होणारं इक्वलायझेशन व्होल्टेज आणखी वर नेतं.

उष्णतेकडेही लक्ष हवं. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचं चार्जिंग व्होल्टेज १८ ते ३० मिलिव्होल्टने कमी करावं लागतं. ४५ अंशांना हा फरक ०.३६ ते ०.६ व्होल्ट होतो, म्हणजे १४.४ चे १४ च्या आसपास. कंट्रोलर गार कपाटात आणि बॅटरी तापलेल्या खणात असेल, तर तापमानाच्या सेन्सरची वायर बॅटरीपर्यंत न्या.

जोडणीचा क्रम चुकवू नका: आधी बॅटरी, मग पॅनल, काढताना आधी पॅनल. आपोआप १२ की २४ ओळखणारे काही कंट्रोलर पॅनल आधी जोडलं तर गफलत करतात. १२ ची बॅटरी २४ ची समजली गेली, तर कंट्रोलर २८ व्होल्ट गाठण्याची वाट बघत चार्ज करत राहतो.

एमपीपीटी छापलेले काही स्वस्त कंट्रोलर आतून पीडब्ल्यूएमच असतात. ओळखायचं सोपं आहे. ऊन चांगलं असताना आणि बॅटरी अर्धी रिकामी असताना मल्टिमीटरने पॅनलच्या आणि बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर पीडब्ल्यूएम. पॅनलकडे १७-१८ आणि बॅटरीकडे १३ आले तर एमपीपीटी. बॅटरी भरलेली असताना ही चाचणी फसते.

बॅटरी भरल्यावर दुपारी तिच्याच टर्मिनलवर पुन्हा मोजा. इक्वलायझेशन चालू नसताना १५ च्या वर आकडा दिसला, तर पॅनल लगेच काढा. कंट्रोलरमधला चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच (मॉसफेट) शॉर्ट झाला की दोन्ही प्रकारचे कंट्रोलर पॅनल थेट बॅटरीवर सोडतात. पॅनल काढूनही, इंजिन किंवा मेन्स चार्जर चालू असताना आकडा उतरला नाही, तर दोष अल्टरनेटर किंवा चार्जरमध्ये शोधा. सोलर कंट्रोलर फक्त पॅनलकडून येणारा करंट थांबवू शकतो.