बाळाला संख्या कधी कळते? दीडशे वर्षांचा शोध

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्या काळच्या शाळेत गणित म्हणजे मुख्यतः पाठांतर: उजळणी, पाढे आणि पावकी, निमकी, दिडकी हे पाव, अर्धा, दीडचे पाढे. बाजारहाटाच्या हिशेबाला ते उपयोगी पडायचं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण पुढे तीच अपेक्षा खाली सरकत तीन वर्षांच्या पोरांवर येऊन बसली. शंभरापर्यंत म्हणून दाखवलं की संख्या कळली, असं आपण धरून चाललो.

संशोधनाची वाट मात्र निराळी निघाली. १८७१ मध्ये इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी डब्यात घेवड्याचे दाणे टाकायचे आणि एका नजरेत किती ते सांगायचं, असं हजारावर वेळा करून पाहिलं. चार दाण्यांपर्यंत एकदाही चूक झाली नाही. पाचपासून व्हायला लागली. आपल्याकडचा पाच सागरगोट्यांचा डाव आठवा. एक हवेत, चार जमिनीवर. आधी एकेक उचलायचा, मग दोन-दोन, मग तीन नि एक, शेवटी चारही एकदम. मुली मोजत बसत नाहीत, हात थेट जातो. मला तरी हा डाव बरोबर नजरेच्या आवाक्यातला वाटतो.

१९४१ मध्ये स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मांडलं की सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना संख्येची खरी समज नसते: दोन सारख्या रांगांपैकी एक लांब पसरली की त्यांना तिच्यात जास्त वस्तू वाटतात. पण १९६७ मध्ये मेहलर आणि बेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी लांब रांगेत कमी आणि आखूड रांगेत जास्त खाऊच्या गोळ्या ठेवल्या नि हवी ती रांग खायला दिली. दोन-अडीच वर्षांच्या बहुतेक मुलांनी जास्त गोळ्यांची रांगच उचलली! मुलाच्या जगातून विचारलं की उत्तर बदलतं. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयानेही अनुभवातून शिकण्याचाच आग्रह धरला.

पुढे संशोधक तान्ह्या बाळांपर्यंत पोचले. सहा महिन्यांच्या बाळाला आठ आणि सोळा ठिपक्यांतला फरक जाणवतो, आठ आणि बारातला नाही, हे २००० साली शू आणि स्पेल्के यांनी दाखवलं. म्हणजे अंदाज उपजत असतो. शब्दाला अर्थ चिकटायला मात्र वेळ लागतो. १९९० मध्ये कॅरेन विन यांनी मुलांकडे ठरावीक संख्येने खेळणी मागितली. आधी ‘एक’ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’. साधारण साडेतीन-चार वर्षांच्या सुमाराला उमगतं की मोजताना शेवटी येतो तो आकडा म्हणजेच एकूण.

म्हणून एक ते वीस घडाघडा म्हणणाऱ्या पोराने ‘तीन चिंचोके दे’ म्हटल्यावर मूठभर हातावर ठेवले, तर त्याला रागावू नका. ‘एक दे’, ‘दोन दे’ असं विचारून बघा. बहुतेकदा ‘दोन’ पक्का झालेला असतो, ‘तीन’ अजून यायचा असतो.