काळ्या कपड्यांत नाच अधिक का दिसतो

डिसेंबर लागला की नागपुरातल्या कॉलेजांत गॅदरिंगच्या तालमी रंगतात, आणि ग्रुप डान्सच्या कपड्यांवरून वादही रंगतो. कुणाला इतवारीतून चमचमतं कापड आणायचं असतं, कुणाला भाड्याचा ड्रेस हवा असतो. शेवटी एखादा पोट्टा म्हणतो, "काळंच ठरवून टाका ना, सगळ्यांपाशी असते." वाद मिटतो, पैसे वाचतात. मला मात्र त्या पोरांच्या हाती लागलेली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

पांढरं कापड अंगावर पडलेल्या प्रकाशातला बहुतेक भाग परत फेकतं. काळं सुती कापड साधारण पाच टक्केच परतवतं. आपली गव्हाळ, सावळी कातडीही त्याहून कितीतरी जास्त उजळ. त्यामुळे रंगमंचावर काळ्या कपड्यांतला नर्तक आला की चेहरा, हात आणि पावलं हेच सर्वांत उजेडाचे भाग ठरतात आणि नजर तिथेच जाते. नक्षीदार शर्टासमोरून हात फिरला तर तो नक्षीत हरवतो. काळ्यासमोरून फिरला तर शेवटच्या रांगेतूनही बोटं दिसतात. कापडाच्या चुण्यांच्या सावल्याही काळ्यात मुरतात, म्हणून शरीर एकसंध आकृती वाटतं.

एटियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने हे 1880च्या दशकातच हेरलं होतं. चालण्या-धावण्याचा अभ्यास करताना त्याने माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळा पोशाख घातला, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या पार्श्वभूमीपुढे कॅमेऱ्यातल्या एकाच काचेवर लागोपाठ छायाचित्रं घेतली. माणूस पुसला गेला, उरली ती नुसती चाल.

पुढे 1973 साली गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे, घोटे अशा सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके ठेवून बाकी सारं अंधारात लपवलं. ठिपके स्थिर असताना पाहणाऱ्यांना काही उमगेना. हलायला लागले आणि क्षणात कळलं, माणूस चालतोय! 1996च्या एका प्रयोगात तर नर्तकांनी राग, भीती, दुःख, आनंद नाचून दाखवले आणि नुसते ठिपके पाहूनही लोकांनी ते बऱ्याच अंशी ओळखले. हालचाल ओळखण्यात आपला मेंदू इतका तरबेज आहे की त्याला फार थोडं पुरतं. काळा पोशाख त्याच्या वाटेतली गर्दी कमी करतो.

मात्र मागचा पडदाही काळाच असेल तर घात होतो. पाय पडद्यात विरघळतात आणि चेहरे तरंगताना दिसतात. तेव्हा मागून किंवा बाजूने दिवा लावावा लागतो, म्हणजे खांद्यांना आणि केसांना उजळ कड येते. मागे उजळलेला पांढरा पडदा असेल तर उलट फायदाच. आकृती कात्रीने कापल्यासारखी उठते.

उन्हाचं काय? काळं शोषलेल्या प्रकाशाची उष्णता करतं. संक्रांतीच्या थंडीत काळी चंद्रकळा शोभते ती त्यामुळेही. पण आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो तेव्हा उघड्या मैदानावर अंगाला चिकटलेला काळा टी-शर्ट नाचणाऱ्याला खरोखर त्रास देतो. वाळवंटातले बेदुइन काळे झगे कसे सोसतात, हे 1980 साली संशोधकांनी मोजलं. काळं कापड जास्त तापत होतं, पण ढगळ झग्याखालून खेळणारी हवा ती जास्तीची उष्णता त्वचेपर्यंत पोचण्याआधीच वाहून नेत होती. तेव्हा एप्रिल-मेमध्ये काळंच हवं असेल तर सैल कुर्ता शिवा, आणि तालीम संध्याकाळी ठेवा.

आणखी एक, "सगळ्यांपाशी असते" ते काळं एकसारखं नसतं. ट्यूबलाइटखाली सारखे वाटणारे दोन शर्ट हॅलोजनच्या झोतात वेगळे निघतात, कारण त्या दिव्यात लाल प्रकाश भरपूर असतो आणि काही रंग तो नीट शोषत नाहीत. धुऊन विटलेला शर्ट तर तपकिरी दिसतो. म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांना एका ओळीत मंचावरच्या दिव्याखाली उभं करा. कुणाचा शर्ट वेगळा दिसला तर त्या पोराला मागे ढकलू नका, दुसरा शर्ट शोधून द्या.