वैज्ञानिक साक्ष्य-निवेदनाचे शिक्षण

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आपले निष्कर्ष न्यायालये व नियामक संस्था यांच्यापुढे तोंडी किंवा लेखी मांडता यावेत, यासाठी दिले जाणारे शिक्षण. न्यायवैज्ञानिक शाखा, विषविज्ञान, औषधनिर्माणशास्त्र आणि पर्यावरणविज्ञान यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

तज्ज्ञसाक्षीच्या प्रथेचा उगम वादग्रस्त आहे. इंग्लंडमधील फोक्स विरुद्ध चॅड (१७८२) हा खटला परंपरेने तिचा आरंभ मानला जातो. नॉरफॉक परगण्यातील वेल्स (Wells) बंदर गाळाने भरण्यास तेथील बांध कारणीभूत आहे काय, हा त्यातील प्रश्न होता. अभियंता जॉन स्मीटन यांची साक्ष म्हणजे वस्तुस्थिती नसून केवळ मत आहे, हा आक्षेप लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी फेटाळला. तथापि बक्ली विरुद्ध राइस टॉमस (१५५४) या खटल्यातही अन्य शास्त्रांचे साहाय्य घेण्याच्या न्यायालयीन रीतीचा उल्लेख आहे. त्यामुळे तज्ज्ञांचा सल्ला घेणे जुने आणि पक्षकाराने आणलेल्या तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरणे नंतरचे, असे समजणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकेत फ्राय (१९२३) निकालाने संबंधित शाखेतील सर्वसाधारण मान्यता ही कसोटी घातली. डॉबर्ट (१९९३) निकालाने संघीय न्यायालयांपुरती ती व्यापक करून पद्धतीतील त्रुटीचे प्रमाणही विचारात घेतले.

अध्यापनातील अवघड भाग संभाव्यतेच्या मांडणीचा होय. समजा, एखाद्या असंबंधित व्यक्तीचा डीएनए घटनास्थळावरील नमुन्याशी योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. त्यावरून ‘नमुना आरोपीचा नसण्याची शक्यता दहा लाखांत एक’ असे म्हणता येत नाही, कारण ५० लाखांच्या लोकसंख्येत असे सुमारे पाच जण निघू शकतात. या गफलतीला विल्यम थॉम्प्सन व एडवर्ड शूमन यांनी १९८७ मध्ये ‘अभियोक्त्याचा तर्कदोष’ असे नाव दिले. नमुना आरोपीचा असल्यास असा पुरावा मिळण्याची शक्यता, तो दुसऱ्याचा असल्यास मिळण्याच्या शक्यतेच्या किती पट आहे, एवढेच तज्ज्ञाने सांगावे, हे मत येथे ग्राह्य मानले आहे, दोषनिश्चिती न्यायालयाची. अभिरूप न्यायालयात विधी शाखेचे विद्यार्थी ‘हो की नाही, एवढेच सांगा’ असा आग्रह धरतात, तेव्हा ही मर्यादा न सोडता उत्तर देण्याचा सराव होतो.

नियामकांपुढील मांडणी मुख्यतः लेखी असते. औषधपरवान्यासाठीच्या सामायिक तांत्रिक दस्तऐवजाचे पाच विभाग असून त्यांपैकी दुसरा सारांशांचा आहे. तो विद्यार्थ्यांकडून लिहून घेऊन मूळ प्रयोगांशी ताडून पाहिल्यास प्रतिकूल निष्कर्ष कोठे गळाले, हे लगेच दिसते.