पार्श्वभूमी : उन्हाळ्यातलं नवं गॅरेज रॉक सांगलीपर्यंत कसं पोचतं

मार्च सुरू झाला की सांगली-मिरजेतल्या गिटारप्रेमी मंडळींच्या मोबाइलवर गॅरेज रॉकच्या, म्हणजे छोट्या बँडनी साध्या यंत्रांवर मुद्रित केलेल्या कच्च्या, खडबडीत रॉकच्या याद्या फिरू लागतात. यंदाच्या उन्हाळ्यात नवीन काय ऐकायचं, कुठला बँड कुणी शोधून काढला, कुणाचा अल्बम शेडमध्ये चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर ध्वनिमुद्रित झालाय. शोधण्याची ही हौस सुट्टीशी का जोडली गेली आणि गेल्या काही वर्षांत तिचा मार्ग कसा बदलला, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. 1963 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात काही पोरांनी पन्नासेक डॉलरमध्ये 'लुई लुई' हे गाणं मुद्रित केलं, त्यातले शब्द कुणालाच धड कळले नाहीत म्हणून केंद्रीय तपास यंत्रणेनं चौकशी लावली, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. तिच्याइतकी सांगितली न जाणारी गोष्ट 1972 ची. न्यूयॉर्कमध्ये जुन्या रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या एका गिटारवादकानं साठच्या दशकातल्या विसरल्या गेलेल्या सिंगल्समधून 27 गाणी निवडली आणि 'नगेट्स' नावाचा दोन एलपींचा संच निघाला. ज्याला आपण आज गॅरेज रॉक म्हणतो, त्याचा नकाशा त्या संचानं आखला. त्यातले काही बँड आपल्या शहराबाहेर फारसे कुणाला ठाऊक नव्हते. एका माणसानं बसून ऐकलं, निवडलं आणि पुढे दिलं, एवढ्यावर तो सगळा प्रकार टिकला.

आपल्याकडेही त्याच सुमारास हे घडत होतं. एका सिगारेट कंपनीनं हौशी बँडची स्पर्धा भरवली आणि 1970 व 1971 मध्ये निवडक बँडच्या 'सिमला बीट' या नावानं दोन एलपी काढल्या. मद्रास, बंगलोर, कलकत्त्याच्या पोरांचा तो फझ लावलेला, घरघरत्या आवाजाचा गिटार ऐकला तर कुठल्याही अमेरिकन गॅरेजचा वाटावा. पुढे परदेशी संग्राहकांनी त्या एलपी डोक्यावर घेतल्या, त्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्या तिकडूनच कळल्या.

सांगलीत मात्र हे संगीत खऱ्या अर्थानं रुजलं ते 2000 नंतर. त्याआधी कॅसेटच्या दुकानात इंग्रजी गाण्यांचा एखादा कप्पा असायचा आणि त्यात परदेशी कंपन्यांच्या परवान्यानं इथे छापलेली मोठी नावंच असायची. छोट्या लेबलचं, म्हणजे छोट्या ध्वनिमुद्रण कंपनीचं, काही मिळणं अशक्यच. 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या पाच जणांचा (द स्ट्रोक्स) पहिला अल्बम आणि डेट्रॉइटच्या दोघांचा (द व्हाइट स्ट्राइप्स) लाल-पांढऱ्या मुखपृष्ठाचा तिसरा अल्बम आला, आणि गॅरेज पुन्हा जागं झाल्याची चर्चा जगभर सुरू झाली. इथे ते सीडीवरून नाही, एमपीथ्रीवरून आलं.

या काळाचा विसर पडता कामा नये, कारण उन्हाळ्याची सवय इथूनच लागली. पुण्या-मुंबईत शिकणारी पोरं परीक्षा संपवून कोयना एक्स्प्रेसनं नाहीतर एसटीनं घरी यायची, तेव्हा बॅगेत राइट केलेल्या सीडी असायच्या, नंतर पेनड्राइव्ह, नंतर हार्ड डिस्क. होस्टेलच्या लॅनवर, म्हणजे आतल्या संगणक-जाळ्यावर, जमवलेला माल सुट्टीत गावात पसरायचा. कोण कुठला फोल्डर कॉपी करून घेतोय यावरून त्या उन्हाळ्याचा आवाज ठरायचा. फोल्डरची नावं अर्धवट, गाण्यांची नावं चुकलेली, कधी एका बँडच्या नावाखाली दुसऱ्याच बँडची गाणी. दुपारी भारनियमनात पंखा बंद, पण बॅटरीवरचा प्लेअर चालू. नव्या बँडची स्वतःची पानं पाहायची तर सायबर कॅफे होतेच. मायस्पेस या संकेतस्थळावर बँड चार गाणी टाकायचा आणि खाली 'मित्र' म्हणून इतर बँडची चित्रं लावायचा. त्या चित्रांवरून एका गावातून दुसऱ्या गावात जाता यायचं. ती चार गाणी कॅफेच्या कनेक्शनवर अडखळत वाजायची, तरी माणूस तासाचे पैसे भरून बसायचा.

त्यातलं बरंचसं आज शिल्लक नाही. मार्च 2019 मध्ये मायस्पेसनं मान्य केलं की सर्व्हर बदलताना 2003 ते 2015 या काळात चढवलेलं संगीत नष्ट झालं. तो आकडा पाच कोटींहून अधिक गाण्यांचा आणि सुमारे 1 कोटी 40 लाख कलाकारांचा सांगितला जातो. त्या काळातल्या अनेक छोट्या बँडची एकमेव प्रत आज कुणाच्या तरी जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर असेल. सांगलीत ज्यांच्याकडे अशा डिस्क पडून आहेत त्यांनी त्या भंगारात घालू नयेत, असं मनापासून वाटतं.

मोठ्या शहरांत याच काळात मैफली वाढत होत्या. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात 1986 पासून चाललेला रॉक महोत्सव शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथून हलला. डिसेंबर 2010 मध्ये पुण्यात स्वतंत्र बँडचा नवा महोत्सव सुरू झाला आणि सांगलीकरांना पाच-सहा तासांच्या प्रवासात प्रत्यक्ष ऐकण्याची सोय झाली. नवा कलाकार समोर बसून पारखायची सवय या भागाला नवीन नव्हती. किराणा घराण्याच्या एका थोर गायकाच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला होणाऱ्या बैठकांनी कित्येक पिढ्यांचे कान तयार केले आहेत. रॉकला मात्र असा कायमचा ओटा इथे कधी मिळाला नाही, त्यामुळे सगळा भार ध्वनिमुद्रणांवर राहिला.

सप्टेंबर 2016 नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि फेब्रुवारी 2019 मध्ये स्वीडनची सर्वांत मोठी स्ट्रीमिंग कंपनी स्पॉटिफाय भारतात उतरली. दर सोमवारी 30 गाण्यांची वैयक्तिक यादी देण्याची तिची सोय 2015 पासून परदेशात चालू होतीच, ती आता सांगलीच्या विश्रामबागेतही आली. कॉपी करायला कुणाच्या घरी जायची गरज उरली नाही. हा फायदा मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण याच कंपनीच्या एका निर्णयानं छोट्या बँडबद्दलचा सगळा वाद पेटवला, आणि सांगलीतल्या ऐकणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींत आजही तो मिटलेला नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये कंपनीनं जाहीर केलं की 2024 पासून मागच्या बारा महिन्यांत किमान 1,000 वेळा वाजलेल्या गाण्यालाच ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळेल. त्याखालच्या गाण्यांचं काहीही नाही. ती गाणी काढून टाकली जाणार नव्हती, ती ऐकता येणार होती. फक्त त्यांच्या वाट्याची रक्कम हजाराची रेघ ओलांडलेल्या गाण्यांत वाटली जाणार होती. कंपनीचं म्हणणं असं की अशा गाण्यांना महिन्याला सरासरी तीन सेंट मिळतात, म्हणजे आपले अडीच रुपये. ते वितरकाच्या, म्हणजे गाणी स्ट्रीमिंगवर चढवून देणाऱ्याच्या, खात्यातून काढण्याइतके कधी साठतच नाहीत, एकूण रकमेच्या अर्ध्या टक्क्याएवढीच ही बाब आहे, आणि खोटी गाणी चढवून पैसे उकळणाऱ्यांना त्यातून आळा बसेल. पावसाचा आवाज, पंख्याचा आवाज अशा 'गाण्यां'साठीही त्याच वेळी किमान दोन मिनिटांची अट आली. फसवणुकीचा मुद्दा खरा होता.

पण हिशेब नीट मांडून पाहा. मोजणी गाण्यामागे आहे, बँडमागे नाही. एखाद्या बँडनं चार गाण्यांची ईपी काढली आणि प्रत्येक गाणं वर्षात 900 वेळा वाजलं, तर एकूण 3,600 वेळा ऐकलं गेलं आणि तरी हाती शून्य. दुसऱ्या कुणाचं एकच गाणं 1,000 वेळा वाजलं तर तो पात्र. गॅरेज आणि इंडीचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र संगीताचा, स्वभावच असा की बँड दोन-तीन वर्षांत बरीच छोटी गाणी काढतो, एकही गाजत नाही, पण सगळी मिळून एक आवाज तयार होतो. या नियमानं नेमका तोच प्रकार कमी मोलाचा ठरवला. वर्षाकाठी हजार म्हणजे महिन्याला सुमारे 84. सांगलीतल्या एखाद्या मराठी बँडनं गाणं टाकलं, मित्र आणि मित्रांचे मित्र मिळून पन्नास-साठ जणांनी ऐकलं, की तो आकडा गाठायला धाप लागते. मग मित्रांना सांगायचं की रात्री झोपताना फोनवर लूपवर लावून ठेवा. त्यातही धोका: आकडा फुगवू नये म्हणून ठरावीक संख्येच्या वेगवेगळ्या श्रोत्यांचीही अट आहे, आणि ती संख्या कंपनीनं मुद्दाम जाहीर केलेली नाही. रेघ कुठे आहे हे धावणाऱ्याला अर्धवटच दिसतं.

या रेघेखाली किती गाणी आहेत? 2023 च्या अखेरीस उद्योगाच्या एका मोजणीत सगळ्या स्ट्रीमिंग सेवांवर मिळून 18 कोटी 40 लाख गाणी होती. त्यातली 15 कोटी 86 लाख वर्षभरात हजार किंवा त्याहून कमी वेळा वाजली. साडेचार कोटींहून अधिक गाणी एकदाही नाही. 'नगेट्स'मधली गाणी जेव्हा कुणाला आठवत नव्हती तेव्हा तीही याच ढिगात असती. निवडणारा माणूस त्या ढिगात हात घालतो तेव्हाच काही सापडतं, आणि ढिगातल्या बँडनं पुढचं गाणं काढावं एवढा तरी मान त्याला मिळायला हवा. अडीच रुपयांनी कुणाचं पोट भरत नाही हे खरंच. पण तुझं गाणं गाणं म्हणून मोजलंच जाणार नाही, हे सांगणं वेगळं.

2025 च्या उन्हाळ्यानंतर हा वाद आणखी तीव्र झाला. सत्तरच्या दशकातल्या ढंगाचा एक रॉक 'बँड' महिन्याला दहा लाखांवर श्रोत्यांपर्यंत गेला आणि मग कबुली आली की तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं घडवलेला प्रकल्प आहे. त्याला मानधनाची रेघ आडवी आली नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये मेलबर्नच्या एका मोठ्या गॅरेज-सायकेडेलिक बँडनं, कंपनीच्या प्रमुखाच्या लष्करी तंत्रज्ञानातल्या गुंतवणुकीचा निषेध म्हणून, आपली गाणी तिथून काढून घेतली. आपला माल त्यांनी 'द्याल ती किंमत' अशा अटीवर बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकारांकडून थेट संगीत विकत घ्यायच्या संकेतस्थळावर, ठेवला.

बँडकॅम्प 2008 पासून आहे. आज शोधाशोध करणाऱ्यांचा मुख्य अड्डा तोच. तिथे अल्बमच्या पानाच्या तळाशी गावाचं आणि प्रकाराचं नाव असतं. 'मेलबर्न' किंवा न्यूझीलंडमधल्या 'डनेडिन'वर टिचकी मारली की त्या गावातलं बाकीचं दिसतं. आणि बाजूला, ज्यांनी तो अल्बम विकत घेतलाय त्यांची छोटी चौकोनी चित्रं. त्यातल्या एकावर टिचकी मारली की त्या माणसाचा अख्खा संग्रह उघडतो. पन्नास प्रतींची कॅसेट ज्यांनी घेतली, त्यांच्या कपाटात अजून काय आहे ते पाहता येतं. सीडी घेऊन सुट्टीला येणाऱ्या मित्राचं काम आज हे अनोळखी लोक करतात. विक्रीतले सरासरी 82 टक्के पैसे कलाकार आणि लेबलला जातात, आणि 20 मार्च 2020 पासून काही ठरावीक शुक्रवारी संकेतस्थळ आपला हिस्सा सोडतं.

आपल्या दृष्टीनं ती तारीख अडचणीची होती. त्याआधी चारच दिवस, 16 मार्चला, आपल्या मध्यवर्ती बँकेचा नियम लागू झाला: नवी कार्डं फक्त देशातल्या व्यवहारांपुरती चालू येणार, परदेशी व्यवहार ग्राहकानं स्वतः सुरू करायचा. बँकेच्या ॲपमधलं ते बटण कुठे आहे हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी जणांची पहिली खरेदी फसली. यूपीआय तिथे चालत नाही, त्यामुळे हा अडथळा अजूनही आहे. कॅसेट मागवायची तर टपालखर्च कॅसेटपेक्षा जास्त. डिजिटल घ्यावं हेच बरं.

संकेतस्थळाचीही मालकी बदलत राहिली आहे. 2022 मध्ये ते एका व्हिडिओ गेम कंपनीनं घेतलं, 2023 मध्ये पुढे विकलं, आणि त्या हस्तांतरात जवळपास निम्मे कर्मचारी घरी गेले. पानं आजही चालू आहेत, पण मायस्पेसचा अनुभव पाहता घेतलेली फाइल उतरवून ठेवणं शहाणपणाचं.

राहिला प्रश्न ऋतूचा, आणि याकडे इथे पुरेसं लक्ष दिलं जात नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या 'उन्हाळी' याद्या जूनमध्ये येतात. तोवर सांगलीत पाऊस लागलेला असतो. आपला उन्हाळा मार्च ते मे, म्हणजे त्याच्या ऐन तोंडावर ज्यांचा उन्हाळा संपतो त्यांचं संगीत आपल्याला वेळेत मिळतं: ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. डनेडिनच्या पोरांनी 1982 मध्ये चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केलेल्या पहिल्या संयुक्त ईपीपासून त्या भागाकडे या आवाजाची सलग परंपरा आहे, आणि मेलबर्न व जिलाँगच्या आसपास आजही तो जोरात आहे. 10 जुलै 2015 पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येऊ लागलं. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार होता, अमेरिकेत मंगळवार. ऑस्ट्रेलियाचा वार आधीपासून शुक्रवारच होता.

डिसेंबरात निघणाऱ्या अल्बमची अडचण अशी की वर्षअखेरच्या याद्या महिन्याच्या सुरुवातीलाच छापून होतात आणि पुढच्या वर्षीच्या यादीत त्यांना कुणी घेत नाही. वर उल्लेख केलेल्या मेलबर्नच्या बँडनं 2017 मध्ये पाच अल्बम काढले; पहिला 24 फेब्रुवारीला, पाचवा 31 डिसेंबरला. पाचवा कुठल्याच यादीत नीट बसला नाही. सांगलीत मार्चपासून ऐकायला घेणाऱ्यानं डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने, त्या दोन देशांची शहरं आणि बँडकॅम्पवरच्या खरेदीदारांचे संग्रह आधी पाहावेत. जूनच्या याद्या पावसाळ्यासाठी ठेवता येतात.