व्हिक्टोरियन घर

व्हिक्टोरियन घर : ब्रिटनची राणी व्हिक्टोरिया हिच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) बांधलेल्या घरांना सरसकट लावली जाणारी संज्ञा. ती राजवटीवरून पडली असून कोणत्याही एका शैलीची निदर्शक नाही. गॉथिक पुनरुज्जीवन (मध्ययुगीन टोकदार कमानींच्या शैलीचा नव्याने वापर), इटालियन धाटणी आणि सुमारे १८७० नंतरची ‘क्वीन ॲन’ पद्धती अशा परस्परभिन्न घरांचा तीत समावेश होतो. यांपैकी शेवटच्या पद्धतीचा राणी ॲनच्या काळाशी (१७०२–१४) संबंध जवळजवळ नावापुरताच आहे.

तीव्र उताराची छपरे, त्रिकोणी दर्शनी पाखे, उंच धुराडी, रंगीत विटांचे पट्टे आणि दर्शनी बैठकीची भिंतीबाहेर आलेली खिडकी (बे-विंडो) ही परिचित लक्षणे होत. रेल्वेमुळे वेल्समधील स्लेट व कारखान्यातील विटा दूरवर स्वस्तात पोहोचू लागल्या आणि स्थानिक दगड-मातीवरून ठरणारे घरांचे वेगळेपण ओसरले.

खिडक्यांची तावदाने मोठी का झाली, याविषयी मतभेद आहेत. १६९६ मध्ये बसवलेला खिडकीकर १८५१ मध्ये उठला, हे कारण नेहमी सांगितले जाते. परंतु आठपेक्षा कमी खिडक्यांची घरे १८२५ पासूनच या करातून मुक्त होती, त्यामुळे लहान घरांना ते फारसे लागू पडत नाही. काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये रद्द झाला, तो अधिक महत्त्वाचा दिसतो. हा कर वजनावर असल्याने पातळ ‘क्राउन’ काचेला झुकते माप मिळे. ती काच फिरवून चकतीच्या रूपात काढत. मध्ये गाठ राहत असल्याने तिच्यातून मोठे तावदान निघत नसे. मोठ्या तावदानांसाठी सोयीची, काचेचे फुंकलेले नळकांडे चिरून सपाट करण्याची सुधारित रीत बर्मिंगहॅमजवळच्या चान्स बंधूंनी १८३२ पासून ब्रिटनमध्ये रूढ केली.

तावदाने जड झाली, मधल्या बारीक पट्ट्या गेल्या आणि वर-खाली सरकणाऱ्या झडपेचे सांधे कमकुवत ठरू लागले. म्हणून वरच्या झडपेच्या उभ्या पट्ट्या सांध्याखाली थोड्या वाढवून त्यांना गोलाई देत; यांना ‘शिंगे’ म्हणतात. ती साधारणतः १८४० च्या सुमारास दिसू लागली असे मानतात. मात्र खिडक्या पुढे बदलल्याही जात, त्यामुळे केवळ शिंगांवरून घराचा काळ ठरवणे धोक्याचे आहे. चौकटीच्या पोकळ बाजूंत कप्पीवरून दोरीने टांगलेली लोखंडी वजने झडपेचा भार तोलतात, म्हणून ती हवी तेथे थांबते. दोरी तुटली की वजन आत धाडकन कोसळते.

अंतर्भागात प्रमुख खोल्यांतून कोळशाची शेगडी आणि छताच्या मध्यावर प्लास्टरचे फूल असे. प्रवेशमार्गावर स्टोक-ऑन-ट्रेंट येथील मिंटनसारख्या कारखान्यांच्या लाद्या बसवत. त्यांतील नक्षी वरून रंगवलेली नसून वेगळ्या रंगाची माती लादीतच भरून केलेली असते. त्यामुळे लादी झिजली तरी नक्षी टिकते.

श्रमिकांच्या चाळवजा रांगघरांना यातले थोडेच लाभले. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर स्थानिक नियमांनी रस्त्याची रुंदी व मागील मोकळी जागा यांवर बंधने आणली.

अमेरिकेत ही घरे बहुधा लाकडी, मनोरेयुक्त झाली. सिडनी व मेलबर्न येथे सज्जांना ओतीव लोखंडाची जाळी आली. मुंबईत हा वारसा मुख्यतः सार्वजनिक इमारतींत दिसतो. तेथील व्हिक्टोरियन गॉथिक व (विसाव्या शतकातील) आर्ट डेको शैलीचा वास्तुसमूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.