जुन्या घरांचे उष्णतारोधन (मुंबई)

बाहेरची उष्णता छत, भिंती आणि खिडक्यांमधून घरात शिरू नये म्हणून केलेल्या उपायांना उष्णतारोधन म्हणतात. थंड देशांत घरातली ऊब राखण्यासाठी हे केले जाते. मुंबईत थंडी नावापुरतीच पडते. त्रास असतो तो उन्हाळ्याचा, ऑक्टोबरच्या उष्म्याचा आणि वर्षभराच्या दमट हवेचा. त्यामुळे इथे रोधनाकडे दोन कामे येतात : ऊन अडवणे आणि ओल कोंडू न देणे. दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाले की पहिल्यावरचा खर्च पहिल्याच पावसाळ्यात वाया जातो.

मुंबई सुमारे १९ उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवशी, सूर्य थेट डोक्यावर येतो. साहजिकच भिंतींपेक्षा छत जास्त तापते. पाच-सहा इंची स्लॅब दुपारभर उष्णता पितो आणि काही तासांनी ती खालच्या खोलीत सोडू लागतो. बाहेर हवा निवली तरी गच्चीखालच्या घरात पंखा रात्री उशिरापर्यंत गरम वारा घालतो, तो यामुळे. थर्मोकोलच्या तुलनेत काँक्रीटमधून उष्णता चाळीस पटींहून अधिक सहज वाहते.

जुन्या बांधणीत याची काही सोय होती. मंगलोरी कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. कौलांखालचा माळा ट्रंका, भांडी आणि गोधड्यांनी भरलेला असे आणि खालच्या खोलीला तो उशीसारखा उपयोगी पडे. माळ्यावर झोपणाऱ्याचे मात्र हाल होत. चाळीची सामाईक गॅलरी खोलीच्या भिंतीवर दिवसभर सावली धरी. पुढे गळती थांबावी म्हणून कौलांच्या जागी पत्रे आले, आणि जागा वाढावी म्हणून लोकांनी गॅलऱ्या आत घेतल्या. दोन्हींमागची निकड खरी होती, पण त्यामुळे सावली गेली. वाळ्याचे पडदे किंवा पाण्याचे कूलर नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालतात. मुंबईच्या दमट हवेत पाणी पुरेसे उडत नाही, त्यामुळे ते जवळपास निरुपयोगी ठरतात.

उपायांत सर्वांत स्वस्त म्हणजे गच्चीवर चुन्याचा पांढरा हात. त्याला चौरस फुटाला काही रुपये लागतात, पण पाऊस तो धुऊन नेतो आणि दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. ऊन परतवणारे तयार रंग चौरस फुटाला दोन आकडी रुपयांत बसतात व काही वर्षे टिकतात. धूळ बसली की त्यांचा गुण उतरतो, तेव्हा गच्ची धुणे हाही देखभालीचाच भाग समजावा. पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅक लादी शंभर रुपयांच्या पुढे जाते. ती सर्वांत टिकाऊ आणि गळतीलाही उपयोगी असल्यामुळे पक्क्या स्लॅबच्या इमारतीला तीच पहिली निवड असावी. आतून फॉल्स सीलिंग करून त्यावर थर्मोकोल किंवा काचलोकर (काचेच्या बारीक तंतूंचा थर) टाकणे एकट्या कुटुंबाला सोपे जाते, पण स्लॅब मुळात तापू न देणे हा अधिक चांगला मार्ग होय.

खरी अडचण मालकीची आहे. उकाडा सोसतो वरचा मजला आणि गच्ची असते सर्वांची. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार (कारभाराच्या नमुना नियमांनुसार) गच्चीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते. त्यासाठी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव निधी) जमवला जातो. उकाड्याचा तिथे उल्लेख नाही. म्हणून वॉटरप्रूफिंगचे काम निघेल तेव्हाच पांढऱ्या लादीचा ठराव सर्वसाधारण सभेत मांडणे हा व्यवहार्य रस्ता आहे. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची व्यवस्था वेगळी आहे. १९६९ च्या कायद्याने उपकर सुरू झाला तेव्हा त्यात १९,००० हून अधिक इमारती होत्या, आणि त्यांची दुरुस्ती आज म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे आहे. मंडळाचा भर इमारत उभी राखण्यावर असतो आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडचा खर्च रहिवाशांवर येतो.

२०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने, म्हणजे घरांसाठीच्या केंद्रीय ऊर्जाबचत नियमावलीने, छताच्या उष्णता-पारगमनाला (छतातून आत येणाऱ्या उष्णतेच्या प्रमाणाला) १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन ही कमाल मर्यादा घातली. उघडा स्लॅब साधारण तिच्या तिपटीच्या घरात जातो. पण ही संहिता नव्या इमारतींसाठी आहे. जुन्या संस्थांना आडवाटेने मिळणारी मदत म्हणजे छतावरील सौरऊर्जेसाठीची २०२४ ची ‘पीएम सूर्यघर’ योजना : सामाईक वापराच्या सौर संचासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, आणि पॅनेलखालच्या स्लॅबला सावलीही मिळते.

सुरक्षेचा विचार वजनापासून करावा लागतो. ब्रिकबॅट कोब्याचा (गळती रोखण्यासाठी विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून केलेल्या लेपाचा) चार इंची थर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतो. जुना कोबा न काढता त्यावर नवा घालण्याची सवय सागवानी तुळयांच्या इमारतीत जिवावर बेतू शकते. ३० वर्षांवरील इमारतीला महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे; गच्चीचे काम त्या अहवालानंतरच काढावे. फॉल्स सीलिंगमागे गळती आणि गंजलेल्या सळ्या दिसेनाशा होतात, ओली काचलोकर निकामी होते, आणि जुन्या वायरी रोधकाखाली दडपल्या तर तापतात. साधे थर्मोकोल पेट घेऊन काळा, विषारी धूर सोडते. अरुंद जिन्याच्या चाळीत ते उघडे लावूच नये.

जुन्या करड्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्याचे सर्व प्रकार कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात मात्र असे पत्रे आजही कायदेशीर आहेत. अखंड पत्र्याचा धोका कमी असतो, तो फोडताना, घासताना किंवा भोके पाडताना तंतू हवेत उडतात. रंग देण्यापूर्वी असा पत्रा कोरडा खरवडू नये. काढायचाच झाला तर ओला करून अखंड उतरवावा. त्यावर थेट पाय ठेवू नये, कारण जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. रंगाऱ्यासाठी वाशांवर टेकणारी फळी आडवी टाकावी लागते.