खोक्यावरचा आकडा आणि निखाऱ्याची धग

आईला किंवा वडिलांना अंगणात वापरायचं ग्रिल भेट द्यायचं ठरलं, की खोक्यावरचा एक आकडा पाहून निवड केली जाते: बीटीयू. जितका आकडा मोठा तितकं ग्रिल दमदार, असं जाहिराती ठासून सांगतात. हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे पाहायला गेलं, की उष्णतेच्या विज्ञानातला माझा सगळ्यात आवडता भाग समोर येतो.

बीटीयू हे ऊर्जेचं जुनं एकक आहे. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारी उष्णता, म्हणजे साधारण 1,055 जूल. खोक्यावर लिहिलेला आकडा दर तासाचा असतो. 3,412 बीटीयू प्रतितास म्हणजे एक किलोवॉट, त्यामुळे 36,000 बीटीयूचं ग्रिल साडेदहा किलोवॉटचं झालं. पण यावरून कळतं ते फक्त गॅस किती वेगाने जळू शकतो हे. हीच शक्ती पाव चौरस मीटरच्या जाळीखाली असेल, तर दर चौरस मीटरच्या वाट्याला 42 किलोवॉट येतात; जाळी 0.4 चौरस मीटरची असेल, तर जेमतेम 26. म्हणून पहिली गोष्ट ही, की आकड्याला जाळीच्या क्षेत्रफळाने भागा आणि मगच तुलना करा. पण हा भागाकारही अर्धीच गोष्ट सांगतो, कारण त्या उष्णतेचा मोठा हिस्सा गरम वायूंबरोबर सरळ वर निघून जातो.

उष्णता तीन वाटांनी जाते हे आपण शाळेत शिकलो आहोत: वहन, अभिसरण आणि प्रारण. तापलेल्या जाळीला पदार्थ टेकतो तिथे वहन होतं आणि त्याचे काळे पट्टे उमटतात. गरम हवा पदार्थाला वेढते ते अभिसरण. आणि निखाऱ्यांसमोर हात धरला की जी धग लागते, ते प्रारण. निखाऱ्यांवर भाजताना खरं काम करते ती ही धग.

योसेफ स्टेफन यांनी 1879 मध्ये मोजमापांवरून एक नियम मांडला आणि लुडविग बोल्ट्झमान यांनी 1884 मध्ये तो सिद्धांतातून काढून दाखवला. तापलेल्या पृष्ठभागाचं प्रारण त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. निरपेक्ष म्हणजे केल्विनमध्ये मोजलेलं, अंश सेल्सिअसमध्ये 273 मिळवून येणारं. चौथा घात काय करतो ते पाहा. 700 केल्विनचा, म्हणजे सुमारे 430 अंश सेल्सिअसचा आदर्श काळा (पडेल ते सगळं प्रारण शोषणारा) पृष्ठभाग दर चौरस मीटरला साडेतेरा किलोवॉट प्रारण टाकतो. 900 केल्विनला तेच 37 होतात. 1,100 केल्विनला, म्हणजे चांगल्या फुललेल्या निखाऱ्याच्या तापमानाला, 83! 900 वरून 1,100 ही वाढ जेमतेम 22 टक्क्यांची, पण धग दुपटीहून जास्त. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला साधारण एक किलोवॉट देतं, त्याच्याशी हे आकडे ताडून पाहा.

मग गॅसची ज्योत तर निखाऱ्याहून कितीतरी जास्त तापलेली असते, तिची धग त्याहून मोठी का नसते? कारण निळी ज्योत जवळजवळ पारदर्शक असते. जो पदार्थ प्रारण शोषत नाही, तो ते उत्सर्जितही करत नाही, हा किर्कहॉफ यांचा नियम. ज्योतीतले कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांच्या काही मोजक्या तरंगलांब्यांतच प्रारण टाकतात. कोळशासारखा घन, काळा पदार्थ सगळ्या तरंगलांब्यांत टाकतो. म्हणूनच गॅस ग्रिलमध्ये बर्नरवर धातूच्या तिरक्या पट्ट्या किंवा चिनीमातीच्या फरशा बसवतात. ज्योत त्यांना तापवते आणि त्या धग देतात. दुकानात झाकण उघडून या पट्ट्या जरूर पाहा. त्या जाड आहेत का आणि सगळा तळ व्यापतात का, हे बीटीयूच्या आकड्यापेक्षा जास्त बोलकं आहे.

इथेच 'इन्फ्रारेड ग्रिल' या नावाभोवतीची जाहिरातबाजी समजून घ्यायला हवी. अवरक्त किरण पदार्थाच्या आत खोल शिरतात, ते 'आरोग्यदायी' असतात, असले दावे केले जातात. हे किरण पदार्थाच्या अगदी वरच्या पातळ थरातच शोषले जातात; आतला भाग शिजतो तो वहनाने. आणि अवरक्त किरण प्रत्येक निखाऱ्यातून, प्रत्येक तापलेल्या तव्यातून बाहेर पडतच असतात. चिनीमातीचा बर्नर चांगला असतो तो त्याच्या तापमानामुळे.

दुसरा गैरसमज शिकलेल्या लोकांचा आहे. जाळी निखाऱ्यांपासून दुप्पट अंतरावर नेली, की व्यस्त वर्गाच्या नियमाने धग चौथाई होते, असं ते मानतात. तो नियम बिंदूएवढ्या स्रोताचा. निखाऱ्यांचा थर पसरलेला असतो. त्याची त्रिज्या 25 सेंटिमीटर धरली, तर मध्यावर 10 सेंटिमीटर उंचीला पूर्ण धगीच्या 86 टक्के पोचते आणि 20 सेंटिमीटरला 61 टक्के. (त्रिज्येचा वर्ग भागिले त्रिज्या आणि उंची यांच्या वर्गांची बेरीज, इतकं सोपं सूत्र आहे.) मोठ्या पांढऱ्या भिंतीकडे चालत गेल्यावर ती जास्त उजळ दिसत नाही, फक्त नजरेत जास्त जागा व्यापते, तसंच हे. म्हणून जाळी खाली-वर करायची सोय तितकीशी कामाची नाही. त्यापेक्षा निखारे एका बाजूला सारता येतील एवढी रुंदी असणं महत्त्वाचं. गॅसचं ग्रिल असेल तर स्वतंत्र चालणारे किमान दोन बर्नर हवेत. एक बाजू धगीची, एक बाजू मंद.

एवढी धग लागते कशाला? पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान 100 अंशांच्या वर फारसं जात नाही. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2,260 किलोजूल लागतात. तेच पाणी 20 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला लागतात 335. ती उष्णता झटपट पुरवली, तरच वरचा थर कोरडा होऊन 140 अंशांच्या पुढे जातो आणि लुई-कामीय मायार यांनी 1912 मध्ये वर्णन केलेली, खमंग वास आणि तपकिरी रंग देणारी अभिक्रिया वेग घेते. आतला भाग तोवर कोरडा पडत नाही. कडक धगीने मांसातला रस 'कोंडला' जातो, ही 19व्या शतकातल्या युस्टुस फॉन लीबिख यांची कल्पना मात्र खरी नाही. भाजलेल्या थरातून पाणी झिरपतच राहतं.

आता ज्यांना भेट द्यायची त्यांच्याकडे पाहू. कोळशाच्या ग्रिलचं तापमान हवेच्या झडपांनी सांभाळायचं असतं. झडप सहज फिरणारी आणि झाकण घट्ट बसणारं हवं. राखेचं भांडं वाकून ओढावं लागू नये. कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. पाऊस आला म्हणून ग्रिल घरात किंवा बंद पडवीत घेणं जिवावर बेतू शकतं. राख धरलेले, विझल्यासारखे दिसणारे निखारेही आत आणायचे नाहीत. वय झालेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी मी गॅस किंवा विजेचं ग्रिलच निवडेन. विजेचं ग्रिल कमी धग देतं, पण ज्वाला नाही आणि राखही नाही.

गॅसमध्ये एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं, पण वय वाढतं तशी वासाची जाणीव कमी होत जाते. शिवाय सिलिंडरमधला प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो खाली साचतो. म्हणून पेटवताना झाकण उघडंच ठेवायचं. नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून पाहायचं. बुडबुडे फुगले तर गॅस बंद करून जोड दुरुस्त करायचा. ग्रिल भेट देणाऱ्याने जोडणी स्वतः करावी, ही तपासणी आईवडिलांसमोर करून दाखवावी आणि पुढे प्रत्येक भेटीत पुन्हा करावी.